हजर : वादीतर्फे प्रॉक्सी वकील

मला एका जागी बसवत नाही. वकिलाला ही खोड फारशी नडत नाही, कारण आमचा निम्मा धंदा पायांवर चालतो. या कोर्टातून त्या कोर्टात, तिथून फाइलिंगच्या खिडकीवर, तिथून पुन्हा वर. लिहायचं म्हटलं की मात्र पंचाईत होते. 'वकिलीत बायकांनी एकमेकींना वर कसं आणावं' यावर लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी 'बिल्कुल' म्हणून मोकळी झाले. त्यानंतर तीन आठवडे मी गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालते आहे.

नवरा म्हणाला, "अगं, शनिवारच्या बैठकीचं लिही ना. लोकांना आवडतं."

आवडतं खरं. पण बैठकीचं लिहायचं तर रुबिनाचं लिहावं लागणार. रुबिनाचं लिहायचं, तर एक गोष्ट सांगावी लागणार, जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, रुबिनाला तर नाहीच. ती कळल्यावर ती माझ्या घराची पायरी चढेल की नाही, मला माहीत नाही. ही पोरगी गमावायची माझी तयारी नाही आणि गप्प बसायचंही आता जमत नाही. म्हणून या फेऱ्या.

असो. आधी धंदा समजावून सांगते.

दिल्लीत वकिलाची एकाच सकाळी चार कोर्टांत कामं असतात, आणि चारही न्यायाधीश एकाच वेळी येऊन बसतात. मग तीन ठिकाणी ज्युनियर पाठवायचा. पुकारा झाला की त्यानं उभं राहून म्हणायचं, "पासओव्हर, युवर ऑनर." म्हणजे आमचे वकील येताहेत, तोवर हे प्रकरण बाजूला ठेवा. ते नाही जमलं तर पुढची तारीख मागायची. या उभं राहणाऱ्याला म्हणतात प्रॉक्सी. त्या दिवशीच्या आदेशात पहिल्याच ओळीत कोण हजर होतं ते लिहितात. मुख्य वकील असेल तर त्याचं नाव येतं. प्रॉक्सी असेल तर बहुतेक वेळा एवढंच : 'हजर : वादीतर्फे प्रॉक्सी वकील.' पंगतीत वाढणाऱ्याचं नाव जसं कुणी विचारत नाही, तसं याचंही.

नाव येत नाही, कारण त्याचं नाव वकालतनाम्यावर नसतं. वकालतनामा म्हणजे 'ही माणसं माझे वकील' असं अशिलानं सही करून दिलेला एक कागद. त्यावर दुसरं नाव घालायला एक ओळ पुरते. त्या एका ओळीनं माणूस प्रॉक्सीचा वकील होतो.

मुली पासओव्हर छान मागतात, असा आमच्याकडे समज आहे. न्यायाधीश मुलीवर ओरडत नाहीत म्हणे! माझ्यावर ओरडलेल्यांची यादी दिली तर संपादकांना पुरवणी काढावी लागेल. पण समज तो समज. त्यामुळे मुलगा तीन वर्षांत साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला लागतो, आणि तितक्याच वर्षांत मुलगी पासओव्हर मागण्यात तरबेज होते.

मीही झाले होते. पुण्याहून लग्न करून दिल्लीत आले, नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी, आणि मी एका पंजाबी वकीलसाहेबांकडे ज्युनियर. त्यांना आम्ही सर म्हणायचो. माणूस मनानं मोठा. माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा न मागता विमानाचं तिकीट हातात ठेवलं होतं. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं काढली. एकदा धीर करून विचारलं, "सर, वकालतनामे में मेरा भी नाम डाल दें?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हसले. "ओ बेटा, तू तो घर की है. घरवालों का नाम कौन लिखता है?"

मला इतकं बरं वाटलं, की खाली येऊन मी सगळ्यांना समोसे खिलवले. पुढे मी तयार केलेली एक केस त्यांनी नुकत्याच सनद घेतलेल्या भाच्याला चालवायला दिली, तेव्हा घरचा म्हणजे कोण ते कळलं. त्या आठवड्यात मी स्वतःची पाटी लावली. जिन्यात उभी राहून मनाशी म्हटलं होतं, माझ्या हाताखालच्या पोरीला मी असं कधीच करणार नाही. हे वाक्य लक्षात असू द्या.

पाटी लावली तरी लोक वकील शोधतच येत. एक गृहस्थ अर्धा तास माझ्यासमोर बसून चहा पीत होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "वकील साहब कब तक आएँगे?" तीनदा सांगितलं, वकील मीच. ते मान डोलवायचे आणि दाराकडे बघायचे. शेवटी मी आत गेले, काळा कोट, पांढरे बँड, वर गाऊन असा सगळा जामानिमा चढवून बाहेर आले आणि त्याच खुर्चीत बसले. म्हटलं, "आ गए." ते गडबडून उठून उभे राहिले. पुढची अकरा वर्षं त्यांची सगळी कामं मी केली.

आता बैठक. वकिलीत काम जाहिरातीनं मिळत नाही, ती आम्हाला करताच येत नाही. काम मिळतं ओळखीनं. ओळखी होतात कोर्टामागच्या चहाच्या टपरीवर आणि संध्याकाळी बार असोसिएशनच्या खोलीत, पत्त्यांच्या डावाशेजारी. "यार, मेरी एक मैटर है, तू देख ले," असं म्हणून फाइल या हातातून त्या हातात जाते. त्या वेळी बायका मेट्रोत असतात, मुलांना पाळणाघरातून आणायचं असतं. फाइल कुठून मिळणार?

म्हणून मी शनिवारी दुपारी घरी बैठक सुरू केली. पोहे, मटार घालून, इथल्या हिवाळ्यात मटार नाहीत असे पोहे करणं पाप आहे. नियम एकच : प्रत्येकीनं दुसरीला एक ओळख द्यायची, त्याशिवाय चप्पल घालायची नाही. कुणी गुरुग्रामच्या कंपनीतल्या लीगल मॅनेजरचा नंबर द्यायची, कुणी आपल्याला न झेपणारी केस. सहा जणी होतो, पुढे हॉलमध्ये सतरंजी टाकावी लागली. कुणी लवादाच्या कामात शिरली, कुणी न्यायाधीश झाली, एकीनं नोएडात स्वतःचं ऑफिस थाटलं. महाराष्ट्र मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. मी भाषणात सरांची गोष्ट सांगितली, 'घर की है'वर टाळ्या पडल्या. समोर पहिल्या रांगेत माझी ज्युनियर बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. तिचं नाव माझ्या एकाही वकालतनाम्यावर नव्हतं.

तीच रुबिना मुजावर. वडील मूळचे मिरजेचे, इथे मंत्रालयातून निवृत्त झालेले. आई शमीमवहिनी माझी मंडळातली मैत्रीण. रुबिना जन्मापासून दिल्लीत वाढलेली, मराठी बोलते पण वाचायचा तिला कंटाळा. दिवाळीत हा अंक त्यांच्या घरी येतो आणि वहिनी त्यातलं निवडक तिला मोठ्यानं वाचून दाखवतात. पोरगी चकल्या खात ऐकते आणि मध्येच विचारते, "अम्मी, 'हुरहूर' मतलब?"

सात वर्षं ती माझ्याकडे होती. कोर्टात 'मॅम', घरी आली की 'मावशी'. तिची टिपणं इतकी नेटकी, की न्यायाधीशांनी काहीही विचारावं आणि मी पान उलटून उत्तर द्यावं. "मॅम, पेज सत्तावन्न, पीला वाला फ्लॅग," एवढंच ती मागून पुटपुटायची. तिचं नाव का घातलं नाही? कधी घाई होती, कधी फॉर्म आधीच भरलेला होता. एकदा तिनं विचारलं तर मी म्हणाले, "अगं, तू तर घरचीच." तोंडातून निघून गेलं. ऐकताना मलाच चरचरलं, पण मी लगेच दुसरी फाइल उघडली.

आणि खरं सांगायचं तर भीती होती. अशिलं तिच्याशीच बोलायची. फोन तिलाच करायची. उद्या कागदावर नाव आलं की कागदासकट जातील.

सातव्या वर्षी सरकारी वकिलांच्या एका पॅनेलसाठी अर्ज निघाले. पॅनेलवर घेतलं की सरकारची कामं नियमित येतात, कुणाच्या मागे फिरावं लागत नाही. अर्जाला जोडायचे होते आपण चालवलेल्या प्रकरणांचे आदेश, नाव असलेले. रुबिना सोमवारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. कोर्टाचे आदेश हल्ली घरबसल्या दिसतात. एक उघडला : वादीतर्फे प्रॉक्सी वकील. दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच. ती उघडत राहिली. मी चहा केला, तो निवला, ती अजून उघडतच होती.

"मॅम," ती शेवटी म्हणाली, "सात साल में मी कुठेच नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त स्क्रीनकडे बघत होती. मी उठले, खिडकी उघडली, बंद केली. मग म्हटलं, "बुधवारी कमलेशदेवीची अंतिम सुनावणी आहे. तू चालव. पूर्ण युक्तिवाद तूच कर. अंतिम युक्तिवादाच्या आदेशात नाव आलं तर त्याला वजन असतं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे ना?"

"खरंच?"

"बिल्कुल. उद्या तुझ्या नावाचा वकालतनामा घे, मी जमा करते."

कमलेशदेवी पानिपतची. नवऱ्याचा हातमागाच्या मालाचा धंदा, दिल्लीत एक दुकान. नवरा गेल्यावर दिरानं दुकानाला आपलं कुलूप लावलं. सहा वर्षं केस चालली होती. बाई पहाटेच्या गाडीनं यायची आणि पाठीमागच्या बाकावर ताठ बसायची. तिला कायद्यातलं काही कळत नव्हतं, पण कोण काम करतंय ते बरोबर कळत होतं. मंगळवारी दुपारी ती खास सही करायला आली. रुबिनानं भरलेला फॉर्म, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट लावून, दुमडून माझ्या हातात दिला. मी जमा करते म्हणून पर्समध्ये टाकला.

बुधवारी मला स्वतःला गुरुग्रामच्या कोर्टात एका साक्षीसाठी जावं लागलं. ती तारीख आधीपासूनच होती. रुबिना एकटी गेली. पुढचं मला तिनं आणि कमलेशदेवीनं सांगितलं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "फाइनल आर्ग्युमेंट्स. पासओव्हर तो नहीं चाहिए मैडम को?"

"नहीं, युवर ऑनर," रुबिना म्हणाली, "आय विल आर्ग्यू."

ती सुरू झालीसुद्धा. दोन-तीन मिनिटं झाली असतील. समोरचे वकील उठले. म्हणाले, "युवर ऑनर, विद्वान वकिलांचा वकालतनामा तरी रेकॉर्डवर आहे का?" न्यायाधीशांनी फाइल मागवली. पहिल्या पानापासून शोधलं. सगळीकडे माझंच नाव. विद्या कर्णिक. फक्त विद्या कर्णिक.

"कल ही फाइल हुआ है, युवर ऑनर," रुबिना म्हणाली. "शायद फाइल में लगा नहीं."

कोर्टाच्या रीडरनं, म्हणजे कारकुनानं, खाली फाइलिंगच्या खिडकीवर विचारून घेतलं. आदल्या दिवशी असा कोणताही कागद जमा झालेला नव्हता. म्हणजे भर कोर्टात पोरगी खोटं बोलल्यासारखी झाली. न्यायाधीश चिडले नाहीत, हळूच म्हणाले, "बेटा, बिना वकालतनामे के मैं आपको कैसे सुनूँ?" तिनं मला तीन फोन लावले. माझा फोन गुरुग्रामच्या कोर्टात, पर्समध्ये, गप्प केलेला. त्याच पर्समध्ये तो कागद होता. संध्याकाळी आदेश आला : हजर : वादीतर्फे प्रॉक्सी वकील. एक अखेरची संधी देण्यात येते.

बाहेर आल्यावर कमलेशदेवीनं तिला विचारलं, "सारा काम तो तूने किया बेटी, फिर तेरा नाम क्यों नहीं है?" रुबिनानं काय उत्तर दिलं, ते दोघींपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

मी परतले तेव्हा ती माझ्या ऑफिसात वाट बघत होती. मी दारातच म्हणाले, "अगं, विसरले मी. डोक्यातूनच गेलं."

ती उठली, माझी पर्स घेतली, मला पाणी दिलं. "होतं मॅम. कितना काम असतं तुम्हाला. टेन्शन नका घेऊ." मी घोटभर पिऊन ग्लास खाली ठेवला. तिला वाटलं दगदग झाली. तिनं इलेक्ट्रालची पुडी आणून त्यात घातली.

शुक्रवारी तिनं आहेत तेवढ्या कागदांवर अर्ज भरला. निवड झाली नाही. पुढच्या तारखेला कमलेशदेवीची केस मीच चालवली, रुबिनाच्या टिपणांवरून, पिवळ्या फ्लॅगांसकट, आणि जिंकले. निकालपत्रावर नाव माझं. कमलेशदेवी पानिपतहून दोन खेस घेऊन आली, तिथल्या हातमागाच्या जाड सुती चादरी. एक मला दिला. दुसरा रुबिनाला देताना तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. मला नमस्कार केला, एवढंच. त्या बाईला सगळं कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतर मी प्रत्येक वकालतनाम्यावर रुबिनाचं नाव घालायला लागले. जुन्या केसेसमध्येसुद्धा नवे भरून घेतले, अशिलं वैतागली तरी. बैठकीचा नियमही बदलला : येताना वकालतनामा आणायचा, आपल्या ज्युनियरच्या नावाचा, कोर्टाचा शिक्का दिसला पाहिजे. तो नसेल तर पोहे नाहीत. दोन ज्येष्ठ बायका या नियमावरून यायच्या बंद झाल्या. त्यांना मी काय बोलणार होते?

रुबिना आता गाझियाबादलाच स्वतंत्र काम करते. पॅनेल पुन्हा निघालेलं नाही, केव्हा निघेल कुणाला ठाऊक. शनिवारी येते. नव्या मुलींना ती ही गोष्ट नेहमी सांगते, हसत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "मॅमसुद्धा विसरल्या होत्या, इन्सान आहेत ना. म्हणून स्वतःचा कागद स्वतः जमा करायचा, समझी?" मुली हसतात. मी पोह्यांचं पातेलं घेऊन आत जाते आणि आत काही काम नसतं.

मला आता हे सहन होत नाही. कितीदा तिला गॅलरीत बोलावलं आणि "थंडी आहे ना आज" म्हणून परत आत आणलं. समोर बसून बोलायचं धाडस माझ्यात नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं बोलले, स्वतःच्या वतीनं बोलायची वेळ आली की पाय दाराकडे वळतात. म्हणून इथे लिहिते. मला माहीत आहे हे पान तिच्यापर्यंत कसं जाणार आहे.

शमीमवहिनी, इथून पुढचं सावकाश वाचा. तिनं मध्ये काही विचारलं तरी थांबू नका.

रुबिना, मी विसरले नव्हते. त्या मंगळवारी चार वाजता मी फाइलिंगच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोनच माणसं होती. पर्समधून कागद काढून उघडला. कमलेशदेवीनं तुला सांगून वरच्या ओळीत तुझं नाव लिहून घेतलं होतं आणि खालच्या ओळीत माझं. ते मी वाचलं. पुढचा माणूस खिडकीवरून निघाला, आता एकच राहिला. मी कागदाची घडी घातली आणि रांगेतून बाहेर आले.